दोन मेंदू आणि वेगवेगळ्या मोजपट्ट्या

१९९३ साली ‘नेचर’मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि एडवर्ड जोन्स यांनी मिळून एक छोटेखानी लेख लिहिला. लेखाचा सूर तक्रारीचा होता. डीएनएच्या रचनेचा शोध लावणारे क्रिक तोवर मेंदूच्या अभ्यासाकडे वळले होते. जोन्स तर मूळचेच मेंदूच्या शरीररचनेचे अभ्यासक. माकडाच्या मेंदूतले कोणते क्षेत्र कोणत्या क्षेत्राशी जोडलेले आहे याचा बऱ्यापैकी तपशीलवार नकाशा आपल्याकडे आहे आणि माणसाच्या मेंदूचा तसा नकाशा मुळीच नाही, हे त्यांना असह्य वाटत होते. माणसाची मेंदूरचना हा विषय मागासलेला राहिला आहे, असे त्यांनी शीर्षकातच म्हणून टाकले.

या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकाने हा उलटा क्रम आधी नीट मनात ठसवून घ्यावा. माणसाबद्दल पुष्कळ माहिती आहे आणि ती माकडाला लावून पाहायची, असा प्रकार इथे नाही. जोडण्यांच्या बाबतीत माकड आपल्याला जास्त ठाऊक आहे. माणसाचा नकाशा नंतर आला, दुसऱ्या यंत्रांनी काढला गेला, आणि त्या यंत्रांवर विश्वास किती ठेवावा हे पुन्हा माकडाकडेच जाऊन तपासावे लागले. माणूस आणि माकड यांच्या मेंदूंत फरक कोणता, या प्रश्नाआधी ‘तो फरक मेंदूंतला की मोजपट्ट्यांतला?’ हा प्रश्न विचारावा लागतो. पुढची सगळी प्रकरणे या दुसऱ्या प्रश्नाच्या धाकात लिहिलेली आहेत, असे म्हटले तरी चालेल.

मेंदूचा सर्वांत बाहेरचा, घड्या पडलेला, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे कॉर्टेक्स. तो एकसंध नाही. चेतापेशींची मांडणी, त्यांचे काम आणि त्यांच्या जोडण्या यांवरून त्यात क्षेत्रे पाडता येतात. चेतापेशीतून निघणारा लांब धागा म्हणजे अक्षतंतू. एका क्षेत्रातले अक्षतंतू दुसऱ्या क्षेत्रापर्यंत जातात, आणि अशा असंख्य तंतूंच्या जुड्यांनी कॉर्टेक्सखालचा पांढरा भाग बनतो. कोण कोणाशी जोडलेले आहे याच्या संपूर्ण यादीला २००५ साली ‘कनेक्टोम’ हे नाव मिळाले. ओलाफ स्पोर्न्स, जुलिओ तोनोनी आणि रॉल्फ कोटर यांनी ते एका लेखात सुचवले. पॅट्रिक हागमन यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे आपल्या प्रबंधात वापरले. यादी एकदा हाती आली की तिच्यावर जाळ्यांचे गणित चालवता येते: कुठली क्षेत्रे आपसांत घट्ट गट करून आहेत, कुठली अनेक गटांना सांधतात, एका टोकाचा संदेश दुसऱ्या टोकाला किती टप्प्यांत पोहोचतो.

आता माकड म्हणजे कोणते माकड, तेही सांगायला हवे. माथेरानला हातातला खाऊ पळवते ते बॉनेट माकड, आणि काळ्या तोंडाचे वानर तर आणखी वेगळ्या शाखेचे. या शास्त्रातले माकड म्हणजे बहुतेक वेळा उत्तर भारतात, नेपाळात, चीनमध्ये आढळणारे रीसस, आणि काही वेळा आग्नेय आशियातले लांब शेपटीचे मकाक. बॉनेट हे त्यांचेच जवळचे भावंड. रीससच्या मेंदूचे वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर, माणसाचे साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम. रीससच्या मेंदूत सुमारे ६४० कोटी चेतापेशी, माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. दोघांचा समान पूर्वज अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा.

प्रयोगशाळेतल्या या रीससचा भारताशी संबंध जुना आणि फारसा सुखद नसलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर, विशेषतः पोलिओच्या लशीच्या काळात, भारतातून प्रचंड संख्येने माकडे अमेरिकेला जात. ती केवळ वैद्यकीय कामासाठी वापरायची असा करार होता. किरणोत्साराच्या लष्करी चाचण्यांतही ती वापरली गेल्याचे बाहेर आले आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ पासून निर्यात थांबवली. आजही अमेरिकेतल्या प्रजननकेंद्रांत ‘भारतीय वंशाचे’ आणि ‘चिनी वंशाचे’ रीसस असे वेगळे नोंदतात, आणि २००७ साली रीससचा जो पहिला जनुकसंच प्रसिद्ध झाला तो भारतीय वंशाच्या एका मादीचा होता. मेंदूच्या जोडण्यांचे जे तक्ते आपण पुढे वाचणार आहोत, त्यांच्या मुळाशी ही माकडे आहेत.

ते तक्ते कसे तयार होतात? जिवंत माकडाच्या कॉर्टेक्समधल्या एका नेमक्या जागी ट्रेसर, म्हणजे माग काढणारे रसायन, सुईने अत्यल्प प्रमाणात सोडतात. तिथे येऊन टेकलेल्या अक्षतंतूंची टोके ते शोषून घेतात आणि तंतूच्या आतल्या वाहतुकीबरोबर ते उलट्या दिशेने मूळ पेशीपर्यंत पोहोचते. काही दिवस वाट पाहायची. मग खोल भूल देऊन प्राण्याचे आयुष्य संपवायचे, मेंदूचे अतिशय पातळ काप करायचे, आणि रंग घेतलेली एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. कोणत्या क्षेत्रातल्या किती पेशी या जागेकडे तंतू पाठवतात, याचे थेट उत्तर मिळते. हे काम माणसावर करता येत नाही, करूही नये. माकडावर करावे का, हा वाद जिवंत आहे आणि तो संपल्यासारखा भासवणाऱ्या लेखकावर वाचकाने विश्वास ठेवू नये. माझ्यापुरते इतकेच म्हणतो, की जे तक्ते आधीच एवढ्या किमतीला मिळालेले आहेत ते निष्काळजीपणे वाचणे हा त्या प्राण्यांवर दुसऱ्यांदा अन्याय आहे.

क्रिक आणि जोन्स यांच्या डोळ्यांपुढे जो नकाशा होता तो १९९१ साली डॅनियल फेलमन आणि डेव्हिड व्हॅन एसन यांनी मांडलेला. इतरांनी केलेले कितीतरी ट्रेसर-प्रयोग एकत्र करून त्यांनी मकाकच्या कॉर्टेक्समधली दृष्टीशी संबंधित ३२ क्षेत्रे आणि त्यांच्यातले ३०५ मार्ग एका तक्त्यात बसवले, आणि क्षेत्रांची खालून वर उतरंड लावली. डोळ्याकडून येणारी माहिती तळाशी, आणि वर जावे तसतशी अधिक मिसळलेली, अधिक गुंतागुंतीची. त्या आकृतीत रेषांचे एवढे जंजाळ आहे की अनेक भाषणांत ती केवळ श्रोत्यांना घाबरवण्यासाठी दाखवली जाते. पण हिशेब केला तर ३२ क्षेत्रांत एकूण ९९२ मार्ग शक्य आहेत, आणि सापडलेले ३०५. म्हणजे एक तृतीयांशाच्याही आत. जाळे विरळ आहे, असा समज यातून पक्का झाला.

त्यानंतर फ्रान्समधल्या लियाँ शहरात हेन्री केनेडी यांच्या गटाने वेगळा मार्ग धरला. जुने निष्कर्ष गोळा करण्याऐवजी एकाच पद्धतीने, एकाच ९१ क्षेत्रांच्या नकाशावर, नव्याने मोजणी करायची. २९ क्षेत्रांत ट्रेसर सोडले गेले. २०१४ साली निकोला मार्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी जे छापले त्यात १,६१५ मार्ग होते, आणि त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक मार्ग आधी कुणी नोंदलेलेच नव्हते. २९ क्षेत्रांमधल्या आपसांतल्या जोडण्या पाहिल्या तर शक्य ८१२ पैकी ५३६ अस्तित्वात. म्हणजे ६६ टक्के. विरळ समजलेले जाळे चांगलेच दाट निघाले. मेंदू तोच, प्राणी तोच. पेशी मोजण्याची चिकाटी वाढली.

मात्र या ६६ टक्क्यांत सगळ्या जोडण्या सारख्या नाहीत, आणि माझ्या मते या कामाचा गाभा इथे आहे. काही मार्गांतून हजारो पेशी तंतू पाठवतात, काहींतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सर्वांत भक्कम आणि सर्वांत क्षीण जोडणीत लाखपटीचा फरक आढळतो. त्याशिवाय एक साधा नियम दिसतो: अंतर वाढेल तशी जोडणी झपाट्याने क्षीण होते. एखाद्या क्षेत्राला येणाऱ्या तंतूंपैकी सुमारे ८० टक्के तर त्या क्षेत्राच्या आतूनच आलेले असतात. उरलेल्यांत शेजाऱ्यांचा वाटा मोठा, दूरच्यांचा नाममात्र. हा अंतराचा नियम एकटाच घेतला तरी जाळ्याचे कितीतरी गुण त्यातून आपोआप निघतात, हे २०१३ साली मारिया एर्सेई-रावाश आणि त्याच गटाने दाखवले. म्हणून ‘मेंदूच्या जाळ्यात अमुक एक अद्‌भुत रचना सापडली’ असे वाचले की पहिला प्रश्न हा: केवळ अंतरामुळे ती आलीच असती का?

१९९८ साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी ‘स्मॉल वर्ल्ड’ जाळ्याची कल्पना मांडली: बहुतेक दुवे जवळचे, थोडेसेच लांबचे, आणि त्या थोड्यांमुळे कुठूनही कुठेही चटकन पोहोचता येते. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत एका सूक्ष्म कृमीची मज्जासंस्थाही होती. ही कल्पना मेंदूच्या अभ्यासकांना इतकी भावली, की पुढची काही वर्षे ज्याच्या त्याच्या जाळ्यात ती सापडू लागली. पण दोन तृतीयांश दुवे आधीच जोडलेले असतील, तर कुठूनही कुठेही चटकन पोहोचता येण्यात नवल ते काय? दुवा आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही, तो किती भक्कम आहे हे विचारावे लागते. लियाँच्या आकड्यांनी एका लाडक्या कल्पनेची हवा बरीचशी काढून घेतली, आणि मला वाटते विषयाचे त्यात भलेच झाले.

जुन्या निष्कर्षांचा संग्रह मात्र टाकाऊ ठरला नाही. रॉल्फ कोटर आणि क्लास स्टेफान यांनी जमवलेला ‘कोकोमॅक’ हा मकाकच्या जोडण्यांचा संग्रह कित्येक वर्षे या क्षेत्राचा कणा होता. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी धर्मेंद्र मोढा आणि त्यांचे सहकारी राघवेंद्र सिंग यांनी आयबीएममध्ये काम करताना २०१० साली त्यातूनच ३८३ भाग आणि ६,६०२ लांब पल्ल्याच्या जोडण्यांचे जाळे उभे केले. कपाळामागचा कॉर्टेक्स या जाळ्याच्या अगदी गाभ्यात येतो, हा त्यांचा एक निष्कर्ष. दोघेही संगणकाचे लोक. या विषयाचे दार कोणकोणत्या बाजूने उघडते हे त्यावरून कळावे.

आता माणसाकडे वळू. जिवंत माणसाच्या मेंदूतले मार्ग पाहण्याचे मुख्य साधन म्हणजे डिफ्यूजन एमआरआय. १९९४ मध्ये पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी त्याचे गणित बसवले. तंतूंच्या जुडीत पाण्याचे रेणू तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे सरकताना अडतात. प्रत्येक ठिकाणी पाणी कोणत्या दिशेने जास्त सरकते ते मोजायचे आणि त्या दिशा एकमेकींना जोडत संगणकाने रेषा ओढायची. इंजेक्शन नाही, इजा नाही. तासाभरात संपूर्ण मेंदू. २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने याच साधनाने आणि मेंदूच्या चालू कामाचे संकेत टिपणाऱ्या फंक्शनल एमआरआयने हजाराहून अधिक तरुण व्यक्तींची मोजणी केली. त्या प्रकल्पाच्या नेतृत्वात माकडाचा नकाशा काढणारे तेच डेव्हिड व्हॅन एसन होते. क्रिक-जोन्स यांच्या तक्रारीला मिळालेले हे सर्वांत मोठे उत्तर. २०१६ साली मॅथ्यू ग्लासर आणि सहकाऱ्यांनी याच माहितीतून मानवी कॉर्टेक्सच्या प्रत्येक अर्धगोलात १८० क्षेत्रे आखली. त्यांतली ९७ नवीन होती.

पण या रेषा म्हणजे तंतू नव्हेत. मोजमापाचा एक ठोकळा एक-दोन मिलिमीटरचा. त्यात लक्षावधी अक्षतंतू मावतात. आत दोन जुड्या एकमेकींना छेदत असतील, हलकेच स्पर्शून वळत असतील, की पंख्यासारख्या पसरत असतील, हे सरासरीवरून सांगणे कठीण. शिवाय रेषेला दिशा नसते: ‘अ’कडून ‘ब’कडे की ‘ब’कडून ‘अ’कडे हे कळत नाही. ट्रेसरला ते कळते. २०१४ साली सिबु थॉमस आणि सहकाऱ्यांनी मकाकच्या मेंदूचे उत्तम दर्जाचे डिफ्यूजन चित्रण ट्रेसरच्या नोंदींशी ताडून पाहिले. खऱ्या जोडण्या अधिक पकडाव्यात म्हणून निकष सैल केले की खोट्या जोडण्याही वाढतात, आणि खोट्या टाळायला गेले की खऱ्या निसटतात. ही मर्यादा पद्धतीच्या अंगचीच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. २०१७ साली २० गटांना एकाच कृत्रिम, उत्तर आधीच ठाऊक असलेल्या माहितीवर मार्ग शोधायला दिले गेले. बहुतेक खऱ्या जुड्या बहुतेकांना थोड्याफार सापडल्या. मात्र त्यांच्याबरोबर अस्तित्वातच नसलेल्या जुड्या त्याहून अधिक संख्येने सापडल्या.

दुसरे साधन म्हणजे स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचे फंक्शनल एमआरआय. १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिनमध्ये दाखवले, की माणूस काहीही हालचाल करत नसतानाही हालचालीशी संबंधित डाव्या-उजव्या क्षेत्रांतले संकेत एकाच लयीत खाली-वर होतात. इथून ‘कार्यात्मक जोडणी’ मोजण्याचे युग सुरू झाले. ही मोजणी सोपी आणि मोहक, म्हणून घातकही. दोन गावांचा आठवडी बाजार एकाच वारी भरतो, एवढ्यावरून त्या दोन गावांत थेट रस्ता आहे असे ठरत नाही. तिसऱ्याच मोठ्या पेठेच्या सोयीने दोघांचे वार जुळलेले असू शकतात. हे केवळ तर्काने नव्हे, प्रयोगानेही दिसले. ऑक्सफर्डच्या जिल ओ’रायली आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारे तंतू कापलेल्या रीसस माकडांची मोजणी प्रसिद्ध केली. मुख्य पूल, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, कापलेला होता. पण जिथे पुढचा छोटासा दुवा शाबूत होता तिथे दोन्ही बाजूंची लय बऱ्याच अंशी टिकून राहिली. सर्वच दुवे कापलेल्या माकडात ती कोसळली. लय सारखी असणे आणि तंतू थेट असणे या दोन गोष्टी किती सुट्या असू शकतात, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

असे असूनही दोन प्राण्यांत एकच साधन सारख्या रीतीने वापरता येते, हा एमआरआयचा मोठा गुण. २००७ मध्ये जस्टिन व्हिन्सेंट आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या मकाकमध्येही माणसासारख्या लयबद्ध व्यवस्था सापडल्याचे दाखवले. माणसात बाहेरचे काम थांबले की जागी होणारी जी व्यवस्था ‘डिफॉल्ट मोड’ म्हणून ओळखली जाते, तिच्याशी मिळतीजुळती एक व्यवस्थाही त्यांत होती. तोवर या व्यवस्थेचा संबंध अनेकजण सरळ आत्मचिंतनाशी, भविष्याच्या बेतांशी जोडत. भूल दिलेले माकड उद्याचे बेत आखत नसावे. निदान या व्यवस्थेचा सांगाडा त्याहून जुना आणि त्याहून साधा आहे, एवढे तरी मान्य करावे लागते.

तुलनेचा खरा पेच मात्र निराळाच. माकडातले अमुक क्षेत्र माणसातल्या कोणत्या क्षेत्राशी जुळते, हे आधी ठरवल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही. कोर्बिनियन ब्रॉडमन यांनी १९०९ साली पेशींच्या थरांवरून अनेक सस्तन प्राण्यांचे कॉर्टेक्स आखले आणि क्षेत्रांना आकडे दिले. मानवी नकाशात १२ नंतरचे काही आकडे गायब दिसतात याचे कारण ते इतर प्राण्यांसाठी वापरले गेले. आणि माकडाच्या व माणसाच्या नकाशावर एकच आकडा दिसला म्हणून क्षेत्र एकच, असे गृहीत धरणाऱ्यांची पुढे अनेकदा फसगत झाली. विशेषतः कपाळामागच्या भागात.

केवळ आकार मोठा करून माकडाचा कॉर्टेक्स माणसावर बसवता येत नाही. माणसाच्या कॉर्टेक्सचे क्षेत्रफळ मकाकच्या साधारण दहापट. पण ही वाढ सर्वत्र सारखी नाही. डोळ्याकडून येणारी माहिती सर्वांत आधी जिथे पोहोचते ते क्षेत्र जेमतेम दुप्पट झाले. कपाळामागचे, कानशिलामागचे आणि माथ्याच्या बाजूचे काही भाग वीसपटीहूनही अधिक पसरले. त्यामुळे जागेवरून जुळणी करायला गेले तर चुकीची क्षेत्रे समोरासमोर येतात. रोजिअर मार्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली यावर एक देखणा तोडगा सुचवला. तंतूंच्या काही ठळक जुड्या दोन्ही प्राण्यांत निःसंशय ओळखता येतात. मग कॉर्टेक्सवरच्या प्रत्येक बिंदूसाठी विचारायचे, की हा बिंदू कोणत्या जुडीशी किती जोडलेला आहे? प्रत्येक बिंदूला अशी जोडण्यांची ओळख मिळाली, की ज्यांची ओळख जुळते ते बिंदू समकक्ष. मग ते कवटीत कुठेही असोत. आणि माणसातल्या एखाद्या बिंदूला माकडात जोडीदारच मिळाला नाही, तर तिथे काहीतरी बदलले आहे. इथे क्षेत्र नुसते पसरले की त्याची जोडणीच बदलली, हे दोन प्रश्न प्रथमच नीट सुटे करून विचारता आले.

या भूमिकेतून आजवरचा सर्वांत बोलका निष्कर्ष फ्रान्झ-झेव्हर नॉयबर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दिला. कपाळामागच्या खालच्या-बाहेरच्या भागात माणसातली १२ क्षेत्रे त्यांनी जोडण्यांवरून वेगळी काढली, त्यांत भाषेशी जोडलेली क्षेत्रेही आली. १२ पैकी ११ ना मकाकमध्ये ओळखीचा जोडीदार मिळाला. कपाळाच्या अगदी टोकाचे, बाहेरच्या बाजूचे एक तेवढे एकटे उरले. मात्र जोडीदार मिळालेली काही क्षेत्रेही माणसात श्रवणाच्या भागांशी माकडापेक्षा वेगळ्या रीतीने बोलतात, असे त्याच कामात दिसले.

श्रवण आणि कपाळ यांच्यातला हा दुवा म्हणजे या क्षेत्रातली सर्वांत रंगलेली कथा. कानशिलाच्या मागच्या भागापासून वर वळून कपाळामागच्या भागापर्यंत जाणारी, कमानीच्या आकाराची तंतूंची जुडी म्हणजे आर्क्युएट फॅसिक्युलस. माणसात भाषेच्या व्यवहाराशी तिचे घनिष्ठ नाते. भारतातून अमेरिकेत जाऊन बॉस्टनमध्ये आयुष्यभर मकाकच्या तंतूंचा माग काढणारे दीपक पंड्या यांनी जेरेमी श्मामन यांच्याबरोबर २००६ साली जो बृहद्‌ग्रंथ काढला, त्यात माकडातल्या या जुडीचा मार्ग तपशीलाने दिलेला आहे. तिथली जुडी माणसातल्या जुडीशी सहजी जुळत नव्हती. २००८ साली जेम्स रिलिंग आणि सहकाऱ्यांनी डिफ्यूजन एमआरआयने माणूस, चिंपांझी आणि मकाक यांची तुलना केली. माणसात ही जुडी कानशिलाच्या मधल्या वळीत ठळकपणे पसरलेली. चिंपांझीत तिचा अगदी थोडा अंश. मकाकमध्ये तो पसारा नाही. मथळ्यांना आणखी काय हवे होते? भाषेची तार सापडली, असे लिहून झाले.

पंड्या मात्र मायकेल पेट्रिडीज यांच्यासह सूक्ष्मदर्शकापाशीच होते. २००९ साली त्यांनी ट्रेसरने दाखवले, की माणसातल्या, बोलण्याशी निगडित ब्रोका क्षेत्राशी समकक्ष अशी जी क्षेत्रे मकाकमध्ये आहेत त्यांना माथ्याच्या बाजूने आणि कानशिलाकडून असे दोन्हीकडून स्वतंत्र मार्ग येतात. म्हणजे तारांचा आराखडा तिथे होताच. २०२० साली न्यूकॅसलच्या क्रिस पेटकोव्ह यांच्या गटातून फाबियन बालेझो आणि सहकाऱ्यांनी शोधाची सुरुवातच बदलली: भाषेच्या क्षेत्रांपासून न निघता, तिन्ही प्राण्यांत श्रवणाच्या क्षेत्रापासून निघून मार्ग शोधले. तसे केल्यावर मकाकमध्येही या जुडीचा एक आद्य नमुना सापडला. माणसात तो कमालीचा बदललेला आणि डाव्या बाजूला झुकलेला आहे, पण मुळात जुना आहे. बारा वर्षांत ‘माकडात नाही’ पासून ‘माकडात आहे, पण असा नाही’ पर्यंतचा हा प्रवास झाला, आणि तो घडवला दोन गोष्टींनी: कोणते साधन वापरले आणि रेषा कुठून ओढायला सुरुवात केली. ‘केवळ माणसातच’ असे शब्द असलेल्या निष्कर्षांकडे मी या अनुभवानंतर जरा डोळे बारीक करूनच पाहतो.

याचा अर्थ फरक नाहीत असा मुळीच नाही. मेंदू मोठा होत जातो तसतसे सगळ्यांनी सगळ्यांशी जोडलेले राहणे परवडत नाही. तंतूंना जागा लागते आणि लांब तंतूतून संदेश जायला वेळही लागतो. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये ट्रेसरने मोजलेली घनता ९७ टक्के, मकाकमध्ये ६६. हा कल तसाच पुढे गेला तर माणसाचे जाळे आणखी विरळ असायला हवे. जेम्स रिंगो यांनी १९९१ मध्येच अशा हिशेबावरून सुचवले होते, की मोठ्या मेंदूत दोन अर्धगोलांना वेगवेगळी कामे वाटून घेणे भाग पडेल. मला ही विचारसरणी आवडते, कारण ती माणसाच्या वेगळेपणासाठी कुठलेही खास कलम मागत नाही. भाषा एका बाजूला झुकणे हा कदाचित मोठेपणाचा भुर्दंड असेल.

फक्त दोन प्राणी घेतले तर बदल कोणाच्या शाखेवर घडला हे कधीच कळत नाही, ही गोष्ट अजूनही कित्येक निबंधांत विसरली जाते. रीसस हा आपला पूर्वज नाही. समान पूर्वजापासून तोही तितकीच वर्षे बदलत आलेला आहे. म्हणून तिसरा साक्षीदार लागतो. एका बाजूला चिंपांझी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ साली चिंपांझींवरचे प्रयोग थांबवायचा निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता. पूर्वी केलेल्या एमआरआय चित्रणांवर मात्र आजही काम चालू आहे. दुसऱ्या बाजूला दक्षिण अमेरिकेतले मुठीएवढे मार्मोसेट आहे. ते आपल्यापासून आणखी दूरच्या शाखेवरचे, आणि त्याच्या जोडण्यांचा ट्रेसरने काढलेला मोठा तक्ता आता खुला आहे.

नव्याने येणाऱ्याला उत्तेजन देणारी गोष्ट ही, की या विषयात काम सुरू करायला ना माकड लागते ना एमआरआयचे यंत्र. ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टची माहिती नोंदणी करून मिळते. २०१८ पासून अनेक प्रयोगशाळांनी आपापली माकडांची चित्रणे ‘प्राइम-डीई’ या सामायिक संग्रहात ठेवली आहेत. प्रत्येक प्रयोगशाळेकडे माकडे मोजकीच असतात. एकत्र केल्यावर कुठे संख्या विश्वासार्ह होते. कोणतीही फाइल उघडण्यापूर्वी प्राणी जागा होता की भूल दिलेला, कोणती भूल, वय किती, एवढे वाचावेच. भुलीचे औषध बदलले की कार्यात्मक जाळ्याचे रूप बदलते.

गणिताच्या किंवा संगणकाच्या बाजूने येणाऱ्यांनी पहिल्या प्रकरणाआधी एक करून पाहावे. लियाँच्या २९ क्षेत्रांचा तक्ता खुला आहे. साध्या स्प्रेडशीटमध्ये मावतो. त्यातल्या ५३६ जोडण्या भक्कम ते क्षीण अशा क्रमाने लावाव्यात आणि शेवटून एकेक खोडत जावे. प्रत्येक टप्प्यावर जाळ्यात कोणते गट दिसतात, मध्यवर्ती क्षेत्रे कोणती ठरतात, ते टिपून ठेवावे. मग दहाव्या प्रकरणातला मानवी जाळ्याचा तक्ता घ्यावा आणि लेखकांनी त्यातली रेघ नेमकी कुठे मारली होती ते शोधावे.